डब्यावर कुणाची भाषा?

आमच्या बेळगावात पाट्यांवरून डोकी फुटतात. पाटीवर कन्नड किती, मराठी किती, वर कोणती, खाली कोणती, अक्षरं कुणाची मोठी, यावरून मोर्चे निघाले, पाट्यांना काळं फासलं गेलं, माणसं कोठडीत जाऊन आली. मी चौतीस वर्षं मराठी शाळेत शिकवलं आहे, तेव्हा या प्रश्नात मी काही तटस्थ वगैरे नाही, आणि तसा आवही आणणार नाही. पण गेल्या श्रावणात वडगावातल्या एका घरी मी बाळाच्या खाण्याचा एक डबा हातात घेतला, फिरवून फिरवून पाहिला, आणि तेव्हापासून मला आमच्या दोन्ही बाजूंच्या वीरांना एक प्रश्न विचारायचा आहे. संपादकांनी दिवाळी अंकासाठी 'काहीतरी आठवणीवजा' मागितलं होतं. त्यांनी क्षमा करावी.

घर यंत्रमागावर काम करणाऱ्याचं. सासू माझ्याच शाळेत चौथीपर्यंत शिकलेली, म्हणून मी त्या घरात अजून 'बाई'च. सून कन्नड शाळेत दहावी झालेली. दोघींचं आपसात छान चालतं. एकीनं मराठीत विचारावं, दुसरीनं कन्नडात उत्तर द्यावं, आणि भांडायचं असेल तर दोघींनी दोन्ही भाषा वापराव्यात! मांडीवर सात महिन्यांची मुलगी, मनगटं बारीक, पोट तेवढं पुढं. सुनेनं डबा माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "बाई, यात किती चमचे घालायचं लिहिलंय, जरा वाचून सांगा की."

म्हणजे अडीच महिने तो डबा त्या घरात येत होता आणि त्यावर काय लिहिलंय ते घरातल्या एकाही बाईला वाचता येत नव्हतं. सगळं इंग्रजीत. हिंदीच्या दोनचार ओळी, त्याही मुंगीच्या पायाएवढ्या. मराठी नाही, कन्नडही नाही. आपल्या देशाच्या अन्नसुरक्षेच्या नियमांप्रमाणे वेष्टनावरची माहिती इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत दिली की काम भागतं. बाकीच्या भाषा कंपनीची मर्जी असेल तर. आणि मर्जी कशाला असेल? डबा तसाही खपतोच.

मी विचारलं, "तू किती चमचे घालतेस?"

"दोन घालतो, बाई. जास्ती घातलं तर डबा महिनाभर पुरत नाही."

डब्यावर त्याच्या तिपटीहून अधिक लिहिलं होतं.

तर माझा प्रश्न असा, की दुकानाच्या पाटीसाठी रक्त आटवणाऱ्या आमच्या पुढाऱ्यांपैकी, मराठी असोत की कन्नड, त्या दुकानातल्या फळीवरच्या डब्यासाठी आजवर एकानं तरी निवेदन दिलं आहे का? पाटी वाचता आली नाही म्हणून कुणाचं मूल वाळत नाही.

इथं थांबले असते तर लेख सोपा झाला असता. पण त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण मला इंग्रजी वाचता येत होतं आणि तरीही मी तेच केलं होतं.

१९७९ साल. त्या वर्षी जगभर आंतरराष्ट्रीय बालकवर्ष साजरं होत होतं, आमच्या शाळेतही प्रभातफेरी निघाली. त्याच वर्षी माझा मोठा मुलगा झाला. तीन महिन्यांची रजा संपली आणि मी शाळेत रुजू झाले. ज्या दवाखान्यात बाळंतपण झालं तिथून निघताना दुधाच्या भुकटीचा एक डबा फुकट हातात मिळाला होता, झाकणावर गुबगुबीत बाळ. फुकटचा डबा संपला तोवर माझं दूध आटत आलं होतं, आणि पुढचे डबे विकतचे. माझ्या आणि यजमानांच्या पगारात घरभाडं, दीर-नणंदांची शिक्षणं आणि गावाकडची मनीऑर्डर वजा जाता महिन्याला दोन डबे बसत. लागत होते पाच. मी शिक्षिका, गणित शिकवणारी. पाच भागिले दोन मला येत होतं. मी सूचना वाचत होते, चमचे मोजत होते, आणि कमी घालत होते. वर चिमूटभर साखर, म्हणजे तो पिईल.

पावसाळ्यात त्याला जुलाब सुरू झाले. तिसऱ्या दिवशी डोळे खोल गेले, टाळू बसली. सलाईन लावताना तिथली वयस्कर परिचारिका माझ्याकडं न बघताच म्हणाली, "दूध कुठं पाजताय बाई? पाणी पाजताय." चव्वेचाळीस इंच छातीचा, दोन मुलांचा बाप असलेला माणूस आज समोर बसून जेवत असतो, तरी ते वाक्य माझ्या कानातून गेलेलं नाही.

तेव्हा माझ्या वाचकांनी हे लक्षात घ्यावं की डब्यावरची भाषा हा अर्धाच प्रश्न आहे. उरलेला अर्धा कमरेच्या पिशवीचा. महाग अन्न गरिबाच्या घरात येतं ते पातळ होऊनच येतं. आणि पातळ झालेलं महाग अन्न हे घरच्या जाड्याभरड्या अन्नापेक्षा कितीतरी वाईट.

कायदा नाही असं नाही. जागतिक आरोग्य संघटनेची आचारसंहिता १९८१ची. आपल्याकडं १९९२ साली कायदा झाला, २००३ साली तो आणखी कडक झाला. दोन वर्षांपर्यंतच्या बाळांच्या डबाबंद अन्नाची जाहिरात करायची नाही, फुकट नमुने वाटायचे नाहीत, दवाखान्यांना भेटी द्यायच्या नाहीत. माझ्या ट्रंकेतल्या जुन्या मासिकांत पानापानावर हसणारी ती गुबगुबीत बाळं नंतर दिसेनाशी झाली ती या कायद्यानं. पण जाहिरात मासिकातून गेली तरी मनातून गेली नाही. आता ती मोबाईलवर कुणा आईच्या तोंडून सल्ला म्हणून येते. आणि आत काय असतं? एप्रिल २०२४ मध्ये स्वित्झर्लंडच्या 'पब्लिक आय' या संस्थेनं तपासणी करून दाखवलं, की एका बड्या कंपनीच्या बाळांच्या धान्यमिश्रणात भारतात एकेका खेपेला सरासरी जवळजवळ तीन ग्रॅम साखर वरून घातलेली होती आणि त्याच कंपनीच्या मायदेशात ती नव्हती. कंपनीनं सांगितलं, आम्ही इथल्या नियमातच आहोत आणि साखर कमी करत आणली आहे; पुढं बिनसाखरेचे प्रकारही आणले. चांगलंच झालं. पण ओरड झाल्याशिवाय ते का आले नाहीत, एवढं विचारायला हरकत नसावी.

आता दुसरी बाजू. डब्यावर टीका केली की आमच्या आज्यांच्या चेहऱ्यावर लगेच तेज चढतं. "बघा, आमच्या वेळी असलं काही नव्हतं!" आजीबाई, जरा खाली बसा. तुमच्या वेळी पहिलं चिकाचं दूध पिळून टाकत होते. तिसऱ्या दिवसापासून सहाणेवर घुटी उगाळून, त्यात मध घालून बाळाला चाटवत होते. वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नये, त्यातून क्वचित का होईना जिवावरचा आजार होतो, हे आता कुठलाही बालरोगतज्ज्ञ सांगेल. आणि सहा महिने पूर्ण होईपर्यंत आईच्या दुधाशिवाय पाण्याचा थेंबही लागत नाही.

पण माझा सगळ्यात मोठा राग आहे तो डाळीच्या पाण्यावर. सातव्या महिन्यात बाळाला काय देता म्हणून विचारा, दहांतल्या सात घरी उत्तर येईल, "वरणाचं पाणी, भाताची पेज." वरचं निवळ पाणी! खालची डाळ कोण खातं? घरातले बाप्ये. बाळाचं पोट एका छोट्या वाटीएवढं असतं. ती वाटी पाण्यानं भरली की पोट भरतं, बाळ झोपतं, आणि आपण म्हणतो, किती शहाणं आहे. ते शहाणं नसतं, थकलेलं असतं. मी १९७९मध्ये डब्यातून पाणी पाजलं, तुम्ही वरणातून पाजता. फरक एवढाच की तुमचं स्वस्त आहे. चमच्यातून ओघळून जातं ते बाळाचं अन्न नव्हे. चमचा तिरका केला तर जरा दम धरून खाली पडेल, एवढं घट्ट हवं, आणि त्यावर एक चमचा तूप किंवा तेल हवंच. तूप महाग म्हणून अडू नये, शेंगतेलही चालतं.

आता नाचणीकडं येते. माझ्या सासूबाई खानापूर तालुक्यातल्या, घाटाकडच्या. मुलगा दवाखान्यातून घरी आला तेव्हा त्या गावाहून नाचणी घेऊन आल्या, आणि सांगायला लाज वाटते, पण मी ती पिशवी आतल्या खोलीत ठेवली. नाचणी म्हणजे गरिबाचं, डोंगरावरच्यांचं अन्न. शिक्षिकेच्या मुलाला नाचणी? पुढं २०२३ साल जगानं भरडधान्यांचं वर्ष म्हणून साजरं केलं आणि तीच नाचणी चकचकीत पाकिटातून तिप्पट भावानं परत आली, तेव्हा सासूबाई नव्हत्या. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. पांढऱ्या तांदळात दहाच्या आसपास.

पिशवी बाहेर काढली ती शेजारच्या अक्कानं. अक्का धारवाडकडची, कन्नड. आमच्या सासूबाई तिला अक्का म्हणत, ती त्यांना अक्का म्हणे. वयाचा हिशेब दोघींनीही केला नाही. ती 'रागी सरी' म्हणे, सासूबाई 'नाचणीचं सत्त्व' म्हणत. ती 'अंबली' म्हणे, त्या 'आंबील'. आपण एकच गोष्ट खातो आहोत हे दोघींना दुसऱ्या वाटीला कळलं. पण करण्याच्या रीतीत फरक होता, आणि त्या फरकावर दोघींचं खरंखुरं भांडण झालं.

सासूबाईंची रीत अशी, की नाचणी भिजवायची, वाटायची, फडक्यातून दूध गाळून घ्यायचं, तळाशी बसलेलं पांढरं सत्त्व वाळवायचं. दिसायला सुंदर. अक्का म्हणाली, चोथ्याबरोबर सगळं फेकून वर याला सत्त्व म्हणता? तिची रीत मोड आणून, वाळवून, भाजून अख्खी दळायची. सासूबाईंना ते गुरांचं खाणं वाटलं. आज मला माहीत आहे की अक्काचं बरोबर होतं, कारण नाचणीतलं कॅल्शियम बरंचसं सालीपाशीच असतं. सत्त्व म्हणून आपण जे जपतो त्यात मुख्यतः पिठूळपणाच उरतो. सासूबाईंची क्षमा मागून हे लिहिते आहे.

मोडाचं आणखी एक मर्म आहे, आणि ते आमच्या घराघरांत माहीत असायला हवं. धान्याला मोड आला की त्यात एक पाचक द्रव्य तयार होतं, जे शिजलेल्या पिठाचा चिकटपणा तोडतं. साध्या पिठाची खीर थोडं पीठ घातलं तरी लापशीसारखी घट्ट होते, मग आपण पाणी ओततो, आणि पुन्हा तोच पाण्याचा फेरा. मोडाच्या पिठाची खीर दुप्पट पीठ घालूनही बाळाला गिळता येते. म्हणजे त्याच छोट्या वाटीत जास्त अन्न. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत मल्लेशी आणि देसिकाचार यांनी १९८२च्या सुमाराला मोडाची नाचणी आणि मोडाचे मूग यांचं बाळांसाठीचं मिश्रण याच तत्त्वावर बसवलं. आपल्या बडोद्यात, महाराजा सयाजीराव विद्यापीठात, तारा गोपालदास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऐंशीच्या दशकात दाखवलं की घट्ट शिजलेल्या खिरीत मोडाचं थोडंसं पीठ घातलं तरी ती पातळ होते. एक संशोधन कर्नाटकातलं, एक मराठी माणसांच्या जुन्या वसतीच्या शहरातलं. सीमेवरच्या माणसाला यापेक्षा सोयीचं काय मिळणार? पण ते दोन्ही आमच्यापर्यंत पोचलं नाही, डबा पोचला. आणि गंमत म्हणजे, म्हशीच्या दुधापासून बाळांची भुकटी करण्याचं तंत्रही पन्नाशीच्या दशकात म्हैसूरच्याच संस्थेत बसवलं गेलं. यंत्राशी आणि कारखान्याशी माझं भांडण नाही, हे यावरून ध्यानात यावं.

तर रीत. सात वाट्या नाचणी, तीन वाट्या मूग. दोन्ही निवडून, नाचणी चारपाच पाण्यांतून धुऊन, कारण तिच्यात खडे आणि माती असते. रात्रभर वेगवेगळं भिजवायचं. सकाळी निथळून ओल्या फडक्यात बांधून ठेवायचं. मुगाला दिवसभरात मोड येतात, नाचणीला दीड-दोन दिवस लागतात. बुरशीचा वास आला तर हळहळ न करता फेकून द्यावं. मग पातळ कापडाखाली उन्हात कडकडीत वाळवायचं, पावसाळ्यात पंख्याखाली. नाचणीचे मोड हातानं चोळून काढावेत, मंद आचेवर खमंग भाजावं, फार नको, करपलं की त्यातलं पाचकपण जातं. मूगही भाजून, भरडून, साल सुपानं पाखडावी. गिरणीत मिरचीनंतर मुळीच टाकू नका. गिरणीवाल्याला सांगून तांदळानंतर घाला. पहिला महिना पीठ वस्त्रगाळ करा, पुढं चाळणीनं पुरे. देताना पाण्यात कालवून ढवळत चांगलं शिजवायचं, तूप घालायचं. वर्षापर्यंत साखर नको, मीठ नको, आणि आमच्या लोकांना वाईट वाटेल, पण गूळही नको. गूळ आपला असला तरी साखरच आहे. गोडी हवी तर केळं कुस्करा. करून थर्मासात ठेवू नका. कोमट खिरीत जंतू सुखानं वाढतात. ताजं करा, उरलं तर स्वतः खा.

हिशेब आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानातल्या भावानं सांगते. किलोभर मिश्रणाला नाचणी, मूग, दळण धरून ऐंशी-नव्वद रुपये. म्हणजे शंभर ग्रॅमला नऊ. डबा तीनशे ग्रॅमचा, तीनशेच्या आसपास. शंभर ग्रॅमला शंभर. वाचलेल्या पैशात तूप, केळं आणि रोज एक अंडं येतं, तरी उरतात.

इथं कुणी शिकलेली मुलगी मला अडवेल, आणि तिनं अडवावं. "आजी, तुमच्या हिशेबात बाईची मेहनत कुठं आहे? निवडणं, धुणं, बांधणं, वाळवणं, भाजणं, हे फुकट धरलंत." बरोबर आहे. डबा विकतो तो साखरेवर नव्हे, दमलेल्या बाईच्या दमण्यावर विकतो. २०१७पासून कायद्यानं सव्वीस आठवड्यांची रजा झाली ती नोकरदारणींना. मागावर कांड्या भरणारीला कोण देणार? म्हणून सांगते, हे काम आईचं नाहीच. मोड आपले आपण येतात, वाळवण ऊन करतं, दळण गिरणी. महिन्यातून एकदा दोन तास हात लागतो. ते हात निवृत्त आजोबांचे का नसावेत? आमचे यजमान सीमाप्रश्नावर तास-तास बोलत आणि बोलता बोलता दुसऱ्या मुलाच्या वेळी दर महिन्याला नाचणी निवडत. दोन्ही कामं त्यांनी निष्ठेनं केली. नाचणीचं यश लवकर दिसलं.

आणखी एक कबुली. डब्याच्या बाजूनं एक खरा मुद्दा आहे, तो म्हणजे लोह. त्यात ते वरून घातलेलं असतं. नाचणी-मुगातलं लोह शरीराला नीट लागत नाही. मोड आणल्यानं थोडं सुधारतं, पण पुरत नाही. म्हणून खिरीवर थांबू नका. अंडं, खाणाऱ्यांच्या घरी मासा, कलेजी कुस्करून. न खाणाऱ्यांनी डाळ-पालेभाजी आणि वर लिंबू. जागतिक आरोग्य संघटनेचा २०२३चा सल्लाही अंडी-मासे-मांस रोज देण्याकडंच आहे. शिवाय सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आठवड्यातून दोनदा एक मिली लोहाचं औषध सरकारी योजनेत आहे. आशाताईकडं मागा. बाटली नाही म्हणाली तर तिच्याशी नाही, तिच्यावरच्यांशी भांडा. अंगणवाडीतून घरी न्यायचं पाकीटही सहा महिन्यांपासून बाळाच्या हक्काचं आहे. ते सासऱ्याच्या चहाबरोबर जाऊ देऊ नका.

माझी मागणी साधी आहे. बाळाच्या प्रत्येक डब्यावर आणि पाकिटावर, जिथं ते विकलं किंवा वाटलं जातं तिथल्या आयांच्या भाषेत, किती चमचे आणि किती पाणी हे ठळक अक्षरांत हवं. बेळगावात म्हणजे कन्नडात आणि मराठीत. वर कोणती, खाली कोणती, यावर माझा हट्ट नाही. हे निवेदन मी दोन्ही भाषांत लिहून ठेवलं आहे. मराठी संघटनेच्या एका पदाधिकाऱ्यानं वाचून सांगितलं, "बाई, कन्नड मसुदा काढा, मग सही करतो." पलीकडच्यानं नेमकं उलट सांगितलं. दोन्ही कागद फळीवर आहेत.

वडगावच्या घरी पुढच्या आठवड्यात मी नाचणी घेऊन गेले. सासू म्हणाली, आम्ही आधी वाटून गाळून करत होतो. सून म्हणाली, आमच्या आईकडं मोड आणतात. मी काही बोलले नाही, फडकं ओलं करायला घेतलं. मागावरून घरी आलेला बाप दारात उभा होता, त्याच्या हातात सूप दिलं. त्यानं ते उलटं धरलं होतं.